मोरस बेट आणि आमचा मुलूख

साखरेला 'मोरस' म्हणणारी पिढी आता सरली. आमच्या आजीच्या तोंडी मात्र हा शब्द अखेरपर्यंत होता. मुरबाडच्या बाजारातून आणलेली शुभ्र, दाणेदार साखर तिच्या लेखी 'मोरस'च असे. आणि देवाच्या नैवेद्यास ती चालावयाची नाही, असा तिचा दंडक होता. ही साखर हाडांच्या कोळशाने पांढरी करितात, हा तिचा आक्षेप. वंगभंगानंतर निघालेल्या स्वदेशीच्या चळवळीत या सोवळ्याला देशाभिमानाचीही जोड मिळाली आणि कित्येक घरांतून मोरस जाऊन तिच्या जागी गूळ व देशी खांडसरी आली. परंतु हा 'मोरस' म्हणजे काय, तो कोठला, याची चौकशी करण्याचे त्या काळी कोणास कारण पडले नाही. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावरून गलबते भरभरून साखर मुंबई बंदरात उतरे. त्या बेटाचे नाव आपल्या जिभेवर घोळून 'मोरस' झाले आणि मालाला चिकटून बसले.

आम्ही शहापूर तालुक्यातील एका शाळेत तीस वर्षे भूगोल शिकविला. घर मुरबाडास आणि नोकरी शहापुराकडे. त्यामुळे या दोन तालुक्यांची माती आमच्या पायांस चांगली परिचित आहे. सेवानिवृत्तीनंतर, मॉरिशसमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या भाच्याच्या आग्रहावरून आम्ही उभयता तीन आठवडे त्या बेटावर राहून आलो. प्रवासवर्णन लिहिण्याचा येथे हेतू नाही. निळ्या पाण्याची व पांढऱ्या वाळूची वर्णने वाचकांनी पुष्कळ वाचली असतील. ते बेट पाहताना आपल्याच मुलखाविषयी जे विचार मनात आले, ते या कुटुंबीय मंडळीपुढे ठेवावेत, इतकीच इच्छा आहे.

प्रथम नकाशा उघडू. शहापूर विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेएकोणीस अंशांवर आहे. मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई ही दक्षिणेस सुमारे वीस अंशांवर. विषुववृत्ताच्या रेषेवर नकाशा दुमडला, तर दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच पट्ट्यावर येतील. ऋतू मात्र उलटे. आपल्याकडे वैशाखाचा वणवा पेटलेला असतो, तेव्हा तेथे हिवाळ्याची चाहूल लागते. आणि आपण दिवाळीचा फराळ करीत असतो, तेव्हा तेथे उन्हाळा सुरू होतो.

दगडांचे नाते याहूनही जवळचे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपली भारतभूमी दक्षिण गोलार्धात असता पृथ्वीच्या पोटातील एका तप्त स्थानावरून सरकत होती. तेथून उसळलेल्या लाव्ह्याचे थरावर थर बसून दख्खनचे पठार व सह्याद्री घडले. पुढे भारत उत्तरेकडे निघून गेला. ते तप्त स्थान मात्र मागे राहून समुद्राचा तळ फोडीत राहिले. लक्षद्वीप व मालदीव यांच्या तळची बुडालेली डोंगररांग याच वाटेवरची. सुमारे ऐंशी-नव्वद लक्ष वर्षांपूर्वी त्याच चुलीतून मॉरिशस वर आले. आणि आज ती चूल शेजारच्या रियुनियन बेटाखाली असून तेथील ज्वालामुखी अद्याप जागा आहे. म्हणजे माळशेज घाटातील काळा कातळ आणि पोर्ट लुईच्या पाठीशी उभे असलेले सुळके ही एकाच आईची लेकरे होत. एक थोरले, एक धाकटे. उंचीतही फारसे अंतर नाही. शहापूरजवळचा माहुलीचा किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे २,८०० फूट उंच, तर मॉरिशसचे सर्वोच्च शिखर सुमारे २,७०० फूट. तेथील डोंगर प्रथम दृष्टीस पडले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी "हे तर आसनगावाहून दिसणारे माहुलीचे सुळके!" असे उद्गार काढले, ते यामुळेच.

बेटाचा विस्तार सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर आहे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर उरलेल्या ठाणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही तो कमी भरतो. भोवताली प्रवाळाचे कडे असून त्याच्या आत उथळ, शांत पाणी असते. मध्यभागी पठार आहे, तेथे पाऊस भरपूर. पश्चिमेचा किनारा त्या मानाने कोरडा. वादळे येतात व पिके झोपवून जातात. एवढ्याशा जमिनीवर आज साडेबारा लाखांच्या आसपास माणसे नांदतात. पण चारशे वर्षांपूर्वी तेथे मनुष्यवस्ती अशी नव्हती. वटवाघळे सोडली, तर आचळांनी पाजणारा एकही प्राणी त्या भूमीवर नव्हता. आबनुसाची घनदाट जंगले होती, त्यांखाली महाकाय कासवे चरत आणि पंखांचा उपयोग विसरलेला, कबुतराच्या कुळातला एक थोराड पक्षी निर्भयपणे हिंडे. तोच डोडो.

१५९८ मध्ये डच खलाशी उतरले; १६३८ पासून त्यांनी वसाहत मांडिली. त्यांनी आबनूस तोडून नेला, जावाहून ऊस व हरणे आणिली. त्यांच्या गलबतांबरोबर उंदीर आले. डुकरे व माकडेही आली. डोडो जमिनीवर अंडे घाली, आणि चोर म्हणजे काय हे त्या पक्ष्यास ठाऊकच नव्हते. खलाश्यांनी मारून खाल्ले त्यापेक्षा या आगंतुक जनावरांनी अंडी व पिले फस्त केली, हेच त्याच्या नाशाचे मोठे कारण असे आता अभ्यासक मानितात. डोडो पाहिल्याची शेवटची भरवशाची नोंद १६६२ ची आहे. वसाहत होऊन चोवीस वर्षे झाली, तोच एक जात संपुष्टात आली. आणि ती गेली याची खंतही कोणास वाटली नाही. पुढे दीडशे वर्षे, हा पक्षी खरोखर होता की खलाश्यांची थाप होती, असाही वाद चाले. १८६५ मध्ये तेथील जॉर्ज क्लार्क नावाच्या एका शाळामास्तरांनी दलदलीतून डोडोची हाडे काढिली, तेव्हा वाद मिटला. आमच्याच व्यवसायातील एका माणसाने हे काम केले, याचे आम्हांस किंचित कौतुक वाटले, हे लपवीत नाही.

डचांनी १७१० मध्ये बेट सोडिले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांच्या अंमलात एक गोष्ट अशी घडली की जी आपल्या ठाणे जिल्ह्याच्या वनांपर्यंत येऊन पोहोचते. पिएर प्वाव्र नावाच्या अधिकाऱ्याच्या लक्षात आले की, डोंगरावरील झाडी गेली म्हणजे माती वाहते आणि झरे आटतात. त्याने १७६९ मध्ये नियम करविला की, प्रत्येक जमीनधारकाने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा वनाखाली राखावा. वसाहतीच्या राज्यकारभारात पाण्यासाठी झाडे राखण्याचा हा अगदी आरंभीचा कायदा होय. मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची पहिले वनरक्षक म्हणून १८४७ मध्ये नेमणूक झाली, त्यामागील विचारास मॉरिशसचा हा अनुभव कारणीभूत होता, असे इतिहासकार रिचर्ड ग्रोव्ह यांनी आपल्या ग्रंथात मांडिले आहे. म्हणजे ज्या बेटाची साखर आम्ही खाल्ली, त्याच बेटाने वन राखण्याचा धडाही दिला. पण साखरेच्या भावापुढे धडा टिकला नाही. १८१० मध्ये बेट इंग्रजांकडे आले आणि उसाचा असा काही विस्तार झाला की, डोंगरउतार सोडून सारी भूमी त्याने व्यापिली. आज मूळचे, चांगल्या स्थितीतील वन दोन टक्केही उरलेले नाही.

ऊस लाविणे म्हणजे माणसे आणणे. आधी आफ्रिका व मादागास्कर येथून आणिलेले गुलाम राबत. १८३५ मध्ये तेथे गुलामगिरी बंद झाली. परंतु तिच्या जागी काय आणावयाचे, याची तजवीज मळेवाल्यांनी आधीच केली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाचे जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन पोर्ट लुईस लागले. ते छोटा नागपूरकडील डोंगराळ मुलखातील आदिवासी होते. पाच वर्षांचा करार आणि महिना पाच रुपये पगार, अशी बोली असे. त्या पाठोपाठ पुढल्या पाऊणशे वर्षांत साडेचार लाखांहून अधिक भारतीय त्या बंदरात उतरले. आज तेथील दोन-तृतीयांश लोक त्यांचेच वंशज होत. कराराच्या कागदाला लोक 'गिरमिट' म्हणू लागले. एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांचा पगार कापावा, असा एक नियम होता. त्यामुळे पाच रुपये कागदावर राहत आणि हातात येत ते त्याहून पुष्कळ कमी.

ज्या धक्क्यावर हे लोक उतरत, त्याच्या सोळा दगडी पायऱ्या अद्याप शाबूत आहेत. त्या जागेस आता 'आप्रवासी घाट' म्हणतात आणि २००६ पासून तिची गणना जागतिक वारशात होते. आम्ही त्या पायऱ्या चढून गेलो. मुंबईहूनही जहाजे जात, आणि त्यांतून कोकणपट्टीतील, विशेषतः रत्नागिरीकडील, मराठी माणसे गेली. कास्कावेल नावाच्या गावी १८९६ मध्ये त्यांनी गणेशोत्सव मांडिला. आज गणेशचतुर्थीस त्या राष्ट्रात सार्वजनिक सुटी असते. कोकणातील जाखडी तेथे 'झाकरी' या नावाने नाचतात. शाळांतून मराठी शिकवितात. घरी मात्र बोलतात ती क्रिओल भाषा.

अशाच एका मराठी घरी आम्हांस चहास बोलाविले होते. घरचे वृद्ध गृहस्थ थांबत थांबत, पण गोड मराठी बोलत. "पाव्हणे, तुमचं गाव कोणतं?" असे त्यांनी विचारिले आणि आमचे उत्तर ऐकल्यावर आतून एक कागद काढून आणिला. त्यांच्या पणजोबांच्या आगमनाच्या नोंदीची ती नक्कल होती. तीवर नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, गाव आणि जिल्हा, असे सर्व काही लिहिलेले होते. माणसास आकडा देऊन मोजणारा तो कारभार खचित निर्दय होता. तथापि तो लिहून ठेवी. त्या लिहिण्यामुळेच आज चौथ्या पिढीला आपले गाव सापडते.

हा कागद हातात असता आम्हांस आपल्या वाड्यापाड्यांची आठवण झाली. शहापूर व मुरबाड या तालुक्यांत ठाकूर, महादेव कोळी, वारली व कातकरी या जमातींची मोठी वस्ती आहे. त्यांतील कातकरी हे खैराच्या झाडापासून कात पाडणारे. त्यावरूनच त्यांचे नाव पडले. वने सरकारी झाली, कात पाडण्यास बंदी आली, जमीन तर पूर्वीपासूनच नव्हती. तेव्हा हाताला राहिली ती मजुरी. पावसाळ्यात घरात दाणा नसतो. त्या वेळी वीटभट्टीचा माणूस पाड्यावर येऊन बयाणा देऊन जातो. दिवाळी झाली की तो बयाणा फेडण्याकरिता सारे कुटुंब भांडीकुंडी, कोंबड्या व पोरे यांसह ट्रकमध्ये बसून भिवंडी, कल्याण, पनवेल या बाजूस निघून जाते आणि मृगाच्या आधी परत येते. आठवड्याची खर्ची मिळते, ती हिशेबातून वजा होते. हिशेब मालकाच्या वहीत असतो आणि वही वाचता येत नाही. पुष्कळदा हंगाम संपला तरी बयाणा शिल्लकच राहतो, म्हणजे पुढील वर्षही बांधले गेले. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली. परंतु आगाऊ रकमेने बांधलेली मजुरी ओळखावयाची तर कोणी तरी ती वही उघडून पाहिली पाहिजे. पोर्ट लुईच्या नोंदबुकात रत्नागिरीच्या माणसाचे गाव लिहिले आहे. आमच्या पाड्यावरून दर दिवाळीस जाणाऱ्या माणसांची यादी कोठे आहे?

आमच्या वर्गात एक कातकरी मुलगा होता. नकाशावर देश दाखविताना तो अडखळे. पण खिडकीबाहेर पक्षी ओरडला की त्याचे नाव, त्याचे झाड व त्याचा हंगाम तो न चुकता सांगे. सातवीच्या वर्षी दिवाळीची सुटी संपली आणि तो आला नाही. होळीच्या सुमारास आम्ही चौकशी करीत त्या भट्टीवर गेलो. तो कच्च्या विटा उलटीत होता. "गुरुजी, पावसाला येतो," म्हणाला. पावसाला कुटुंब परत आले. पण तोवर पाठीवर एक लहान भावंड आले होते, आणि त्यास सांभाळण्याकरिता घरी तोच एकटा मोकळा होता. शाळेशी त्याचा संबंध तेथेच तुटला. हजेरीपटावर आम्ही त्याच्या नावापुढे 'स्थलांतर' असा शेरा लिहिला. असे शेरे तीस वर्षांत किती लिहिले, हे आता मोजवत नाही.

मॉरिशसची गोष्ट येथेच संपती, तर ती सांगण्यात अर्थ नव्हता. नाश कसा होतो हे समजण्यास समुद्र ओलांडावा लागत नाही. परंतु त्या बेटाने गेल्या पन्नास वर्षांत हरवत चाललेले काही हाती परत आणून दाखविले आहे, आणि ते शिकण्यासारखे आहे. १९७४ मध्ये तेथील ससाण्याच्या जातीच्या एका लहान शिकारी पक्ष्याचे अवघे चार जीव रानात उरल्याचे ठाऊक होते. गुलाबी कबुतरे १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास उरली. तेथील पोपट, जो आपल्या कंठवाल्या पोपटाचा चुलतभाऊच होय, त्याचीही गत अशीच झाली होती. आणि त्याच्या ढोल्या बळकावणाऱ्यांत आपल्याकडून गेलेला पोपट होता, हे नमूद करावयास हवे. १९७९ मध्ये कार्ल जोन्स नावाचा एक तरुण वेल्श शास्त्रज्ञ तेथे गेला. त्याने आणि स्थानिक सहकाऱ्यांनी अंडी उबवून पिले वाढविली, ढोल्यांऐवजी लाकडी पेट्या टांगिल्या, उंदीर व माकडांपासून घरट्यांचा बचाव केला, दुष्काळी दिवसांत पक्ष्यांस चारा घातला. आज ते शिकारी पक्षी व गुलाबी कबुतरे शेकड्यांनी मोजतात. पोपटांची संख्या तर पाचशेच्याही वर गेली आहे. किनाऱ्याजवळ 'इल ओ एग्रेत' नावाचे एक चिमुकले बेट आहे. तेथील मूळ कासवे नामशेष झाली होती, म्हणून अल्दाब्रा बेटावरची कासवे आणून सोडिली. ती आबनुसाची फळे खातात, बिया इकडे तिकडे पडतात आणि नवी रोपे उगवतात. आम्ही त्या सावलीत उभे राहून एका कासवास पान भरविले. डोडो कोणी परत आणू शकणार नाही; पण चार उरलेल्यांचे शेकडो करिता येतात, ही गोष्ट डोळ्यांनी पाहण्यासारखी आहे.

आमच्या मुलखातही असा एक पक्षी आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. रानपिंगळा हे त्याचे नाव. हे लहानसे घुबड भारताबाहेर कोठेही आढळत नाही, आणि घुबड असून ते दिवसा वावरते. १८८४ नंतर त्याचा भरवशाचा पुरावा मिळेना. शंभराहून अधिक वर्षे तो संपला असेच धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये नंदुरबारकडील शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. आणि २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यात, म्हणजे आमच्या शहापूर तालुक्यात, सापडला. सुमारे ३२० चौरस किलोमीटरचे हे साग-ऐनाचे रान मुंबईपासून रेल्वेने दोन तासांच्या अंतरावर आहे. ज्या रानातून हजारो लोक सरपण, मोहाची फुले व करवंदे आणितात, त्याच रानात हा जीव गुपचूप टिकून राहिला.

आता पैशाची बाजू पाहू. १९६८ मध्ये १२ मार्च रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले, तेव्हा निर्यातीच्या उत्पन्नात नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा एकट्या साखरेचा होता. पुढे नोबेल पारितोषिक मिळविलेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्ये भाकीत केले होते की, एवढी माणसे आणि एकच पीक, तेव्हा या बेटाचे काही खरे नाही. भाकीत चुकले. १९७० मध्ये निर्यातीसाठी खास कायदा करून त्यांनी कापडाचे कारखाने उभे केले. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत केले. पुढे पर्यटन व पेढ्यांचा व्यवहार वाढविला. २००६ नंतर युरोपने साखरेचा हमीभाव तिसऱ्या हिश्श्याहून अधिक उतरविला; पूर्वी असते तर हे बेट उपाशी मेले असते, पण आता ते सावरून गेले. चोथा जाळून वीज करितात, उंची साखर बनवितात. सर्वच आलबेल आहे असे नव्हे. धान्य बाहेरून येते. आणि २०१९ मध्ये आलेल्या पाहुण्यांची संख्या लोकसंख्येहून अधिक होती, ती दुसऱ्याच वर्षी महामारीत जवळजवळ बंद पडली. त्याच वर्षी जुलैमध्ये 'वाकाशियो' नावाचे मालवाहू जहाज प्रवाळावर चढून फुटले व सुमारे हजार टन तेल समुद्रात गेले. तेव्हा गावोगावचे लोक आपण होऊन किनाऱ्यावर जमले. उसाचे पाचट पोत्यांत भरून, ती पोती शिवून त्यांनी तरंगते बांध केले. लोकांनी कापलेले केसही तेल शोषण्याकरिता दिले. ज्या उसाकरिता पूर्वजांस जहाजांतून आणिले, त्याच उसाच्या पाचटाने त्यांनी आपला किनारा राखण्याची खटपट केली.

यातून आम्हांस जे उमगले, ते असे. बेटाला किनारा असतो. त्यामुळे काय आले, काय गेले, याचा हिशेब दिसतो. जंगल संपले की सर्वांस कळते, कारण पलीकडे समुद्रच असतो. आमच्या तालुक्यांना असा किनारा नाही. तानसाचे धरण १८९२ मध्ये पुरे झाले, तेव्हापासून शहापूरचे पाणी मुंबईस जात आहे; पुढे भातसाचे धरण झाले, आणि आज मुंबईच्या पाण्यापैकी सुमारे निम्मे त्या एका धरणाचे असते. याच तालुक्यात मार्च-एप्रिल उजाडला की पाड्यांवर टँकरची वाट पाहत बाया हंडे घेऊन उभ्या असतात. समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला, तोही शहापुरावरूनच गेला आहे. त्या रस्त्याने जमिनीचे भाव चढले आणि वरकस माळांवर शहरातील श्रीमंतांच्या बंगल्यांची कुंपणे उभी राहिली. मुरबाडकडे, म्हसा येथे पौष पौर्णिमेस भरणारी बैलांची यात्रा अद्याप गजबजते; परंतु आता वाटेने कुंपणेच अधिक दिसतात. पाणी जाते, विटांची माती जाते, जमीन जाते, आणि दिवाळीनंतर माणसे जातात. एकेक वस्तू निरनिराळ्या रस्त्याने जात असल्यामुळे एकत्र बेरीज कोणी करीत नाही.

या मासिकाचे बहुतेक वाचक मुंबई, ठाणे, पुणे येथील सुशिक्षित घरांतील आहेत. त्यांस आम्ही दोष देत नाही. आमची स्वतःची मुले शहरातच राहतात व तेच पाणी पितात. परंतु शतकापूर्वी ज्या गृहिणींनी 'ही साखर कशी होते?' असा प्रश्न स्वयंपाकघरात विचारिला, त्यांच्या सोवळ्याची आज कोणी थट्टा करो; त्या प्रश्नात एक मोठी गोष्ट होती. वस्तू कोठून, कोणाच्या हातून व कशी आली, हे विचारण्याचा तो संस्कार होता. तोच प्रश्न आता विटेविषयी व पाण्याविषयी विचारावा. घर बांधविताना ठेकेदारास विचारावे की, भट्टीवरील मुले शाळेत जातात का. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांकरिता हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे. ती आपल्या माहितीच्या तालुक्यात चालते की नाही, हे पत्र पाठवून विचारावे. ज्या धरणातून पाणी येते, त्याच्या काठावरील पाड्यांस नळ मिळावा, अशी मागणी शहरातून झाली, तर तिचे वजन गावातून झालेल्या मागणीहून दसपटीने अधिक असते, हा आमचा अनुभव आहे.

आणि वाडीवरील शिक्षकांस एक विनंती. दिवाळीपूर्वी पाड्यावर जाऊन, कोणते कुटुंब कोठल्या भट्टीवर जाणार, बरोबर मुले किती, बयाणा किती घेतला, हे एका वहीत लिहून ठेवावे. यास खर्च येत नाही. एक संध्याकाळ लागते. अशी वही असली, म्हणजे होळीला कोणास शोधावयाचे, हे ठाऊक असते. आम्ही नोकरीच्या शेवटच्या सहा वर्षांत ती ठेवीत होतो. पहिल्या वर्षी तीत एकोणीस मुलांची नावे होती, आणि त्यांतील सात पावसाळ्यात वर्गात परत येऊन बसली.